पेंटियम हे नाव गेले. आता प्रोसेसर ओळखायचा कसा?

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरासाठी एक संगणक घ्यायचा आहे. हंगामात पेट्यांचा हिशोब, वाशीला गेलेल्या मालाची नोंद, घरपोच मागवणाऱ्या ग्राहकांची बिले आणि बँकेची कामे त्यावर करायची आहेत. शिवाय मुलगी यंदा तंत्रनिकेतनात पदविकेला जाणार आहे. एका दुकानदाराने नवा लॅपटॉप दाखवला. त्याच्या स्टिकरवर नुसते ‘इंटेल प्रोसेसर’ एवढेच छापलेले आहे आणि माहितीपत्रकात ‘एन१००’ असा क्रमांक आहे. दुसऱ्या दुकानदाराकडे ‘पेंटियम गोल्ड जी६४००’ बसवलेला डेस्कटॉप आहे आणि ‘हा ओरिजिनल पेंटियम, तो दुसरा बिननावाचा’ असे तो सांगतो. कंपनीने पेंटियम हे नाव खरोखरच बंद केले आहे का, केले असल्यास का, आणि या दोहोंतले काय घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत संगणकांची विक्री आणि दुरुस्ती करत असताना हा प्रश्न अलीकडे माझ्यासमोर वारंवार येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. ‘इंटेल प्रोसेसर एन१००’ हा बनावट नाही आणि कोणा दुसऱ्या कंपनीचाही नाही. इंटेलने १६ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर केले की २०२३ च्या पहिल्या तिमाहीपासून लॅपटॉपसाठीच्या प्रोसेसरांवर, म्हणजे संगणकाची सगळी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपांवर, पेंटियम आणि सेलेरॉन (स्वस्त मालाचे नाव) ही दोन्ही नावे वापरली जाणार नाहीत आणि त्यांच्या जागी ‘इंटेल प्रोसेसर’ एवढेच नाव येईल. डेस्कटॉपच्या बाबतीत ‘पेंटियम गोल्ड जी७४००’ हा जानेवारी २०२२ मध्ये आला, आणि त्याची जागा जानेवारी २०२४ मध्ये ‘इंटेल प्रोसेसर ३००’ या नावाच्या चिपने घेतली. म्हणजे आज दुकानात नवा म्हणून मिळणारा पेंटियम हा शिल्लक साठ्यातला असतो. तो त्यामुळे वाईट ठरत नाही, पण त्याच्या नावासाठी जास्त पैसे मोजण्याचेही काही कारण नाही.

नाव का सोडले, हे समजण्यासाठी ते का घेतले होते ते पाहावे लागते. इंटेलच्या चिपांना आधी आकड्यांची नावे होती: २८६, ३८६, ४८६. एएमडी ही प्रतिस्पर्धी कंपनी तेच आकडे लावून आपल्या चिपा विकू लागली तेव्हा इंटेल न्यायालयात गेली, आणि १९९१ मध्ये निकाल असा लागला की ‘३८६’ या आकड्यावर कोणाला मालकी सांगता येणार नाही. त्यामुळे पुढच्या चिपेला ५८६ न म्हणता नोंदणी करता येईल असा नवा शब्द घडवला गेला. २२ मार्च १९९३ रोजी ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ वेगाचे पहिले पेंटियम बाजारात आले. त्यांत सुमारे ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्यांमध्ये पुण्यात जन्मलेले विनोद धाम होते, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. ‘इंटेल इनसाइड’ ही जाहिरात मोहीम १९९१ पासूनच सुरू होती. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातखर्चाचा काही भाग इंटेल उचलत असे, आणि त्यामुळे संगणकाच्या आतला एक भाग गिऱ्हाईक नावाने मागू लागले. आपल्या गावांत पहिल्यांदा संगणक आले ते बहुधा सहकारी बँकेत, शाळेत किंवा टायपिंगच्या संस्थेत, आणि ‘पेंटियम आहे का’ हा प्रश्न त्यांच्याबरोबरच आला.

नाव घरोघरी पोहोचण्याचा एक परिणाम कंपनीला लगेचच भोगावा लागला. १९९४ मध्ये अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आढळले की पेंटियम काही ठरावीक भागाकार चुकवतो. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले की उत्तर १.३३३८२०४४९ असे यायला हवे. सदोष चिप १.३३३७३९०६८ असे दाखवत असे. दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या घरापासूनच चूक. भागाकारासाठी चिपेत कोरलेल्या कोष्टकातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या, म्हणून हे घडत होते. इंटेलने आधी हा दोष सर्वसामान्यांना जाणवणार नाही असे सांगितले, पण डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला चिप बदलून देण्याचे धोरण स्वीकारावे लागले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकावे लागले. केवळ आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या चिपेत असा दोष निघता तर तो अभियंत्यांपुरता राहिला असता. पेंटियममध्ये निघाला म्हणून तो वर्तमानपत्रांत आला.

त्यानंतरची काही वर्षे हे नाव आणि चिपेची गुणवत्ता एकत्र चालत होती. पेंटियम २ हा १९९७ चा, पेंटियम ३ हा १९९९ चा आणि पेंटियम ४ हा नोव्हेंबर २००० चा. या काळात ज्याच्याकडे पेंटियम आहे त्याच्याकडे इंटेलचा वरच्या दर्जाचा घरगुती प्रोसेसर आहे, हे विधान सर्वसाधारणपणे खरे होते. स्वस्तातल्या मालासाठी १९९८ मध्ये सेलेरॉन हे वेगळे नाव काढले होते. आज पन्नाशीत असलेल्या गिऱ्हाइकांच्या मनात पेंटियमविषयी जो विश्वास आहे तो याच वर्षांतला आहे आणि तो अनाठायी नव्हता.

गडबड पुढे झाली, आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच टप्पा. पेंटियम ४ ची रचना मेगाहर्ट्झचा आकडा वाढवत नेण्यावर बेतलेली होती. ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचेपर्यंत तो इतका तापू लागला की ४ गिगाहर्ट्झची जाहीर केलेली चिप कंपनीला २००४ मध्ये रद्द करावी लागली. इस्राएलमधल्या हैफा येथील चमूने लॅपटॉपसाठी तयार केलेली, कमी विजेवर जास्त काम करणारी रचना मात्र यशस्वी ठरली, आणि तिच्याच धाटणीवर जुलै २००६ मध्ये ‘कोअर २ ड्युओ’ आला. वरचा मान कोअर या नावाकडे गेला. त्याच वेळी पेंटियम हे नाव सन्मानाने थांबवले असते तर आजचा गोंधळ झाला नसता. तसे न करता २००७ मध्ये कंपनीने तेच नाव कोअरच्या खालच्या, स्वस्त श्रेणीला लावले. कालपर्यंत जे नाव सर्वांत वरच्या मालावर होते ते एका वर्षात सेलेरॉनच्या जेमतेम वरच्या पायरीवर आले, आणि हे गिऱ्हाइकाला कोणी सांगितले नाही.

पुढे तर एकाच नावाखाली दोन अगदी निरनिराळ्या घराण्यांच्या चिपा विकल्या गेल्या. २०१३ पासून स्वस्त लॅपटॉपमध्ये ‘पेंटियम एन३५२०’ सारखे प्रोसेसर येऊ लागले, जे मुळात अ‍ॅटम या अल्पशक्तीच्या घराण्यातले होते. त्याच वेळी डेस्कटॉपवरचा पेंटियम हा कोअर घराण्यातला होता. दोघांवर नाव तेच. देवगड हापूस छापलेल्या पेटीत परजिल्ह्यातला आंबा भरला की गिऱ्हाइकाचे काय होते हे बागायतदारांना मी सांगायला नको. २०१७ मध्ये ‘सिल्व्हर’ आणि ‘गोल्ड’ अशी विभागणी करून हा फरक दाखवण्याचा प्रयत्न झाला, पण सिल्व्हर म्हणजे अ‍ॅटमचे घराणे आणि गोल्ड म्हणजे कोअरचे घराणे, हे काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या किती जणांना माहीत होते? मी स्वतः लॅपटॉप उघडून आतल्या चिपेचा क्रमांक दाखवल्याशिवाय लोकांना ते पटत नसे.

या नावाखाली चांगला माल कधी आलाच नाही असे मात्र नाही. जानेवारी २०१७ मधल्या ‘पेंटियम जी४५६०’ मध्ये दोन कोअर (चिपेतले प्रत्यक्ष काम करणारे भाग; ‘कोअर’ या मालिकेच्या नावाशी यांची गल्लत करू नये) आणि चार थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामाचे धागे) होते, म्हणजे त्या वेळच्या ‘कोअर आय३’ या वरच्या श्रेणीएवढीच मांडणी, आणि किंमत पुष्कळ कमी. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत आणि दाखले काढून देणाऱ्या केंद्रांत बसवलेली तशी यंत्रे अजून चालू अवस्थेत दिसतात. परंतु चांगला ठरला तो तो क्रमांक. त्याच नावाचे इतर कित्येक क्रमांक वर्षभरात लोकांना नकोसे झाले.

म्हणून पेंटियम हे नाव बंद झाले याचे मला वाईट वाटत नाही; ते पंधरा वर्षे उशिरा बंद झाले असे माझे मत आहे. वाईट वाटते ते त्याच्या जागी आलेल्या नावाचे. ‘इंटेल प्रोसेसर’ हे नाव गिऱ्हाइकाला काहीच सांगत नाही. आज त्या एका नावाखाली काय काय आहे ते पाहा. ‘एन५०’ मध्ये दोन छोटे कोअर आहेत. ‘एन१००’ मध्ये तसेच चार आहेत. ‘यू३००’ मध्ये एक मोठा कोअर आणि चार छोटे आहेत. डेस्कटॉपच्या ‘३००’ मध्ये दोन मोठे कोअर आहेत आणि छोटा एकही नाही. छोटा कोअर कमी विजेवर बेताचे काम करतो, मोठा कोअर जास्त वीज घेऊन भरभर काम करतो. या चारही चिपांच्या क्षमतेत मोठे अंतर आहे, आणि चारही यंत्रांवरचे स्टिकर तेच सांगेल. आय३ च्या नावावरही डोळे मिटून विसंबू नये. ‘आय३-एन३०५’ मध्ये आठही कोअर एन१०० मधल्याच जातीचे, म्हणजे छोटे आहेत. ‘आय३-१२१५यू’ मध्ये दोन मोठे आणि चार छोटे आहेत. दुकानदार दोघांनाही आय३ म्हणेल आणि ते खोटे नसेल.

त्यातून जून २०२३ मध्ये कंपनीने कोअरच्या नावातले ‘आय’ हे अक्षरही काढायचे ठरवले. त्यामुळे आता ‘कोअर ३’, ‘कोअर ५’, ‘कोअर ७’ अशी एक मालिका आहे आणि ‘कोअर अल्ट्रा’ ही दुसरी. जानेवारी २०२४ मधला ‘कोअर ३ १००यू’ हा आतून आधीच्या तेराव्या पिढीच्याच बांधणीचा आहे, तर ‘कोअर अल्ट्रा ५ १२५यू’ हा खरोखर नव्या रचनेचा आहे. जुन्या बांधणीचा म्हणून पहिला टाकाऊ ठरत नाही, त्याची किंमत जुन्या बांधणीची असावी इतकेच.

आता आपल्या दोन पर्यायांकडे येतो. ‘पेंटियम गोल्ड जी६४००’ हा २०२० चा. त्यात दोन मोठे कोअर, चार थ्रेड आणि ४ गिगाहर्ट्झ वेग आहे. ‘एन१००’ हा जानेवारी २०२३ चा. त्यात चार छोटे कोअर असून कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्झ आहे. एका वेळी एकच काम चालू असेल, उदाहरणार्थ मोठ्या हिशोबाची एकच फाइल, तर जी६४०० थोडा पुढे राहतो. ब्राउझरमध्ये बँकेचे पान उघडे, शेजारी बिलाचा प्रोग्रॅम, मागे अँटिव्हायरस आणि मुलीचा ऑनलाइन वर्ग, अशी चार कामे एकत्र आली की एन१०० बरोबरीला येतो आणि बहुधा पुढे जातो. आजकाल यूट्यूबसारख्या ठिकाणी एव्ही१ या नव्या पद्धतीचे व्हिडिओ असतात. ते उलगडण्याची सोय एन१०० च्या चित्रविभागात आहे, जी६४०० मध्ये नाही, त्यामुळे त्या कामाचा सगळा भार त्याच्या दोन कोअरवर पडतो.

किनारपट्टीवर मात्र वेगापेक्षा दोन गोष्टींचा विचार मी आधी करतो. पहिली वीज. पावसाळ्यात आपल्याकडे फांदी पडून लाइट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. जी६४०० ची उष्णतेची नेमून दिलेली मर्यादा ५८ वॅट आहे आणि एन१०० ची ६ वॅट. या मर्यादा आहेत, दोन्ही चिपा सतत तेवढीच वीज ओढतात असे नव्हे. तरीही डेस्कटॉप, त्याचा पडदा आणि साधा यूपीएस यांवर काम उरकण्यासाठी काही मिनिटेच मिळतात, तर एन१०० चा लॅपटॉप बॅटरीवर अनेक तास आणि घरच्या इन्व्हर्टरवर त्याहून बराच जास्त चालतो. हंगामाच्या शेवटी, म्हणजे मेच्या अखेरीस वळवाचे वारे सुटलेले असताना ज्यांना त्याच रात्री बिले पाठवायची असतात त्यांना हा फरक चांगलाच जाणवतो.

दुसरी गोष्ट खारी हवा. समुद्राजवळच्या घरांतून दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत मला प्रोसेसर बिघडलेला क्वचितच सापडतो. बिघडलेले असते ते त्याच्या भोवतालचे. पंखा बाहेरची दमट हवा आत ओढतो, तिच्यातले मीठ आणि धूळ उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर चिकटून बसते, आणि बोर्डावरच्या तांब्याला, विशेषतः यूएसबी आणि चार्जिंगच्या जोडांपाशी, हिरवट थर चढतो. एन१०० चे पुष्कळ लॅपटॉप बिनपंख्याचे असतात, त्यामुळे हवा आत ओढलीच जात नाही आणि ते या त्रासातून बऱ्याच अंशी वाचतात. खरेदीपूर्वी लॅपटॉपच्या तळाला आणि कडेला हवेची जाळी आहे का ते पाहावे, आणि असलीच तर पंख्याचा आवाज ऐकावा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. एन१०० ची चिप बोर्डावर कायमची डाग देऊन बसवलेली असते. बोर्ड गेला की चिपही गेली आणि दुरुस्तीचा खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या जवळ जातो. जी६४०० चा डेस्कटॉप सुट्या भागांचा असतो. बोर्ड गंजला तरी प्रोसेसर, रॅम (चालू कामापुरती स्मृती) आणि एसएसडी (फाइली कायम साठवणारा वेगवान भाग) काढून दुसऱ्या बोर्डावर लावता येतात. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर ज्या दुकानदारांचे डेस्कटॉप पाण्याखाली गेले होते त्यांच्यापैकी काहींचे प्रोसेसर स्वच्छ करून, वाळवून पुन्हा वापरात आणता आले. लॅपटॉपच्या बाबतीत तशी आशा फारच कमी होती. ज्यांचे दुकान किंवा घर पुराच्या रेषेत आहे त्यांनी याचा विचार करावा. देवगडच्या सड्यावर, बागेतल्या घरात ती भीती नाही.

जुना वापरलेला पेंटियम स्वस्तात मिळतो म्हणून घेण्याचा विचार असेल तर एक तारीख लक्षात ठेवावी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे २०१७ नंतरच्याच पिढ्यांवर चालते. ‘जी५४००’ चालतो. ‘जी४४००’ आणि वर कौतुक केलेला ‘जी४५६०’ त्या यादीत नाहीत. तीनही पेंटियमच, पण ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करायचे त्यात सुरक्षेच्या सुधारणा मिळणे बंद झालेले मला चालत नाही.

मुलीच्या शिक्षणाचा विचार वेगळा करावा, आणि इथे माझे मत स्पष्ट आहे: दोहोंपैकी एकही यंत्र तिला पुरणार नाही. स्थापत्य किंवा यंत्र शाखा असेल तर ऑटोकॅड हा आराखडे काढायचा प्रोग्रॅम आलाच. संगणक शाखा असेल तर दुसऱ्या वर्षापासून एकाच वेळी दोन-तीन जड प्रोग्रॅम चालवावे लागतात. एन१०० ला अधिकृतपणे १६ जीबीपर्यंतच रॅम चालते. तिच्यासाठी ‘आय३-१२१५यू’ किंवा ‘कोअर ३ १००यू’ हे किमान समजावे, आणि जमल्यास ‘कोअर ५ १२०यू’ घ्यावा, ज्यात दोन मोठे आणि आठ छोटे कोअर आहेत. बजेट एकाच यंत्राचे असेल तर तेच घ्यावे. बागेचा हिशोब त्याच्यावर आरामात होईल. दोन यंत्रे शक्य असतील तर हिशोबासाठी एन१०० पुरेसा आहे, किंवा त्याचाच पुढचा ‘एन१५०’, जो जानेवारी २०२५ मध्ये आला आणि ज्याचा कमाल वेग ३.६ गिगाहर्ट्झ आहे. जी६४०० चा डेस्कटॉप मी फक्त एकाच परिस्थितीत घ्यायला सांगेन: किंमत एन१०० पेक्षा बरीच कमी असेल, पडदा घरी आधीच असेल आणि यंत्र एका जागी राहणार असेल.

एन१०० घेताना रॅम किमान ८ जीबी असावी, आणि साठवणीसाठी ‘ईएमएमसी’ (स्वस्त, संथ साठवण) नसून एसएसडी असावी. स्वस्त लॅपटॉपमध्ये संथपणा येतो तो पुष्कळदा याच दोन ठिकाणी केलेल्या काटकसरीमुळे, आणि दोष मात्र प्रोसेसरच्या नावावर जातो.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच यंत्र सुरू करून घ्यावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात सीपीयूवर टिचकी मारली की उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक दिसतो. तो क्रमांक अक्षरांसह कागदावर उतरवून घ्यावा, इंटेलच्या संकेतस्थळावर शोधून तो बाजारात कधी आला आणि त्यात किती कोअर आहेत हे पाहावे, आणि बिलावर ‘इंटेल लॅपटॉप’ किंवा ‘पेंटियम पीसी’ असे मोघम न लिहिता तोच क्रमांक लिहून मागावा. डेस्कटॉपचा प्रोसेसर खोक्यातून आलेला असेल तर त्यावर इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती मागताना खोक्यावरचा अनुक्रमांक लागतो, म्हणून खोके दुकानात सोडून येऊ नये; लॅपटॉपची वॉरंटी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची असते आणि पाण्याने झालेले नुकसान तिच्यात सहसा धरले जात नाही, हे दुकानदाराकडून आधीच विचारून घ्यावे.